ऊस उभा, गव्हाण उपाशी : महाराष्ट्राचा २०२१-२२ चा गाळप हंगाम

एप्रिल २०२२ संपत आला तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या कारखान्यांचे पट्टे पडले होते, म्हणजे गाळप संपलं होतं. यार्ड रिकामी झाली होती, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावाकडे निघाल्या होत्या. त्याच दिवसांत बीड, जालना, लातूर, उस्मानाबाद या भागांत उसाचे फड उभे होते. गाळपाचं वय केव्हाच उलटून गेलेला ऊस शेतात वाळत होता आणि त्याच परिसरातल्या कारखान्यांना मात्र रोजच्या क्षमतेइतका ऊस पोहोचत नव्हता. शिवारात ऊस मावत नाही आणि गव्हाण (कारखान्यात ऊस टाकायची जागा) उपाशी, अशी ती अवस्था होती. हंगाम जूनच्या मध्यापर्यंत लांबला. पाऊस तोंडावर आला तेव्हा कुठे शेवटच्या मोळ्या पडल्या.

कागदावर पाहिलं तर हाच हंगाम विक्रमी ठरला. राज्यातल्या जवळपास २०० कारखान्यांनी सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला, १३७ लाख टनांच्या आसपास साखर काढली आणि उत्तर प्रदेशाला मागे टाकून महाराष्ट्र साखर उत्पादनात देशात पहिला आला. वर्तमानपत्रांत विक्रमाची बातमी आणि शिल्लक उसाची बातमी शेजारी शेजारी छापून येत होती. साखर उद्योगात कार्यक्षमता म्हटलं की बोलणं मिलच्या रोलरपासून सुरू होतं आणि बॉयलरपाशी संपतं. या हंगामातला बिघाड मात्र गेटच्या बाहेरचा होता, आणि त्याची सुरुवात ऊस लावला त्या दिवशीच्या नोंदवहीत झाली होती.

अंदाज आणि काटा

सप्टेंबर २०२१ मध्ये मंत्री समितीच्या बैठकीत १५ ऑक्टोबरपासून गाळप सुरू करायचं ठरलं. बैठकीपुढचे आकडे असे होते : लागवड १२.३२ लाख हेक्टर, उत्पादकता हेक्टरी ९७ टन, गाळपाला उपलब्ध ऊस १,०९६ लाख टन, साखर ११२ लाख टन. हेक्टर आणि टन यांचा गुणाकार साधारण १,१९५ लाख टन येतो. त्यातून बेणं, रसवंती, गुऱ्हाळं वगैरेंचा ऊस वजा केला की १,०९६ उरतात.

प्रत्यक्षात काट्यावर आला १,३२० लाख टन, म्हणजे अंदाजापेक्षा सव्वादोनशे लाख टनांनी जास्त. हा वाढीव ऊस एखाद्या छोट्या राज्याच्या संपूर्ण उत्पादनाहूनही जास्त आहे. क्षेत्र १२.३२ लाख हेक्टरच धरलं, तर नुसता गाळलेला ऊसच हेक्टरी १०७ टन भरतो, बेणं-रसवंतीचा वेगळा. तेव्हा एकतर हेक्टरी उत्पादन अंदाजाहून बरंच जास्त पडलं, नाहीतर क्षेत्र मोजणीतून सुटलं. माझ्या मते दोन्ही घडलं.

कारणं शोधायला लांब जायला नको. २०१९, २०२० आणि २०२१ अशी तीन वर्षं पाऊस चांगला झाला होता. विहिरींना पाणी होतं, जायकवाडी भरलेलं होतं. मराठवाड्यातला शेतकरी पाणी दिसलं की उसाकडे वळतो आणि त्याबद्दल त्याला कोणी नावं ठेवू नयेत. सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्यातलं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं, ऊस मात्र उभा राहिला. ज्या पिकाला कायद्याने ठरलेला भाव आहे आणि जे चार दिवस पाण्यात उभं राहू शकतं, ते सोडून तो दुसरं काय निवडणार? शिवाय पाणी मुबलक असल्याने एरवी मोडला जाणारा खोडवाही (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) राखला गेला.

यातला बराच ऊस कुठल्याच कारखान्याच्या वहीत नव्हता. त्याला बिगर नोंदीचा ऊस म्हणतात. तोड मागायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘नोंद आहे का?’ नसेल तर क्रमपाळीत, म्हणजे तोडणीच्या क्रमवार यादीत, नाव नाही. नाव नसेल तर टोळी येत नाही.

सरासरीत न दिसणारी गोष्ट

राज्यातल्या सगळ्या कारखान्यांची मिळून रोजची गाळप क्षमता त्या वेळी साधारण ८ लाख टन होती. १,०९६ लाख टनांना ८ ने भागलं तर १३७ दिवस येतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून निघालं तर फेब्रुवारीअखेर काम संपतं. प्रत्यक्षातल्या १,३२० लाख टनांना भागलं तर १६५ दिवस होतात, म्हणजे मार्चअखेर. ऊस वाढला म्हणून हंगाम महिनाभर लांबणं समजू शकतं. तो जूनपर्यंत गेला, तेव्हा उरलेल्या अडीच महिन्यांचं कारण वेगळं शोधावं लागतं.

क्षमता राज्याची म्हणून मोजली जाते, पण ऊस राज्यभर फिरवता येत नाही. तोडलेला ऊस पन्नास किलोमीटरच्या पुढे नेला की वाहतुकीचा खर्च आणि वाळलेलं वजन मिळून व्यवहार बसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात कारखाने दाट आहेत, एकाच गावातला ऊस चार कारखाने ओढतात, तिथे हंगाम वेळेत आटपला. मराठवाड्यात ऊस वाढला त्या गतीने गाळप वाढलेलं नव्हतं. दुष्काळाच्या काळात बंद पडलेले कारखाने सगळे पुन्हा उभे राहिले नव्हते. त्यामुळे एकीकडे मार्चमध्ये रोलर थांबले आणि दुसरीकडे जूनमध्येही फड शिल्लक राहिले, अन् दोन्हींची सरासरी मात्र ठीकठाक दिसत राहिली.

आता कारखान्याच्या आतलं बघू. अंदाजात ११२ लाख टन साखर १,०९६ लाख टन उसातून धरली होती, म्हणजे उतारा (उसाच्या वजनात निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) १०.२ टक्के. हंगामाअखेर राज्याचा सरासरी उतारा १०.४० च्या आसपास निघाला. मे-जूनचा वाळका ऊस गाळूनसुद्धा उतारा अंदाजाच्या वर राहिला. आणि काही रस व बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवलेली असताना. मिल, क्लॅरिफायर, पॅन, सेंट्रिफ्यूगल या सगळ्यांनी आपलं काम चोख केलं. म्हणून या हंगामाचं पोस्टमॉर्टेम यंत्रांच्या खोलीत बसून करण्यात अर्थ नाही.

फडापासून गव्हाणीपर्यंत

ज्यांनी हा कारभार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण गुंता इथे आहे.

ऊस लावला की शेतकरी गट ऑफिसात जाऊन नोंद करतो : गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टचा, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि खोडवा मागच्या तोडीच्या तारखेचा. आडसालीला सोळा ते अठरा महिने लागतात, सुरूला बारा. या तारखांवरून शेती विभाग तोडणीची क्रमपाळी लावतो. क्रमपाळीप्रमाणे चिटबॉय, काही भागांत त्याला स्लिपबॉय म्हणतात, तोडीची चिठ्ठी देतो. मग टोळी फडात उतरते.

टोळीची मोजणी कोयत्यात होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती जोडी दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते, सोलते, मोळ्या बांधते आणि ट्रॉलीत भरते. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला हातानेच सगळा ऊस तोडायचा असेल तर साधारण अडीच हजार ते तेहतीसशे कोयते रोज फडात हवेत. त्यातली बाई आजारी पडली, पोर तापाने फणफणलं, फडात चिखल झाला, की दुपारपर्यंत यार्डात त्याचा परिणाम दिसतो.

तोडणी दिवसा होते आणि मिल चोवीस तास चालते. म्हणून रात्रीपुरता ऊस यार्डात उभा ठेवावाच लागतो. तो कमी पडला तर पहाटे मिल ‘नो केन’ म्हणून थांबते. बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) जळत राहतं, टाक्यांत थांबलेला रस आंबायला लागतो आणि साखर मात्र निघत नाही. तो जास्त झाला तर दुसरं संकट. यार्डात ट्रॅक्टर दीड-दोन दिवस अडकतात, डबल ट्रॉलीच्या खेपा निम्म्यावर येतात, त्या येत नाहीत म्हणून फडात तोडलेला ऊस पडून राहतो, आणि टोळी हात बांधून बसते. यार्डातल्या गर्दीने दहा किलोमीटरवरची तोडणी थांबते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं मजूर कमी पडले. बऱ्याचदा मजूर असतात, वाहन नसतं, आणि वाहन यार्डात अडकलेलं असतं.

चांगला शेतकी अधिकारी यार्डातली रांग पाहून दुपारच्या चिठ्ठ्या थांबवतो. ही साधी गोष्ट आहे आणि तिच्यावर कारखान्याचे कोट्यवधी रुपये अवलंबून असतात. हिशेब करून बघा. ५,००० टनांच्या कारखान्याचा उतारा ०.१ टक्क्याने घसरला तर रोज ५ टन, म्हणजे ५० क्विंटल साखर कमी निघते. साखरेचा किमान विक्री दर त्या वेळी क्विंटलला ३,१०० रुपये होता. म्हणजे रोजचे दीड लाखांहून जास्त, आणि दीडशे दिवसांचे सव्वादोन कोटींहून जास्त. एवढा फरक पाडायला तोडीपासून गाळपापर्यंतचे काही जादा तास पुरतात.

उशीर झाला की उसाचं काय होतं

ऊस तोडला की त्याचा पाण्याचा पुरवठा तुटतो, पण आतली रासायनिक क्रिया थांबत नाही. इन्व्हर्टेज नावाचं विकर सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं, आणि या दोन साखरांचे दाणे पडत नाहीत. त्या मळीत जातात. कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात, डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात, रस घट्ट होतो, गाळणी आणि पॅन दोन्ही मंदावतात. म्हणून चोवीस तासांत गाळप हा नियम. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हे सगळं वेगाने घडतं. हार्वेस्टरने तुकडे केलेला ऊस तर आणखी लवकर बिघडतो, कारण कापलेली टोकं अनेक पट जास्त असतात.

न तोडलेला, पण वय उलटलेला ऊस वेगळ्या वाटेने खराब होतो. तुरा येतो, पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, आतून दशी पडते, म्हणजे कांडी पोकळ होते. वजन घटतं. आणि वजनाचा तोटा पूर्णपणे शेतकऱ्याचा असतो, कारण पैसे काट्यावर मिळतात.

त्या हंगामात हजारो शेतकऱ्यांच्या वाट्याला एक गोष्ट आली, जी कुठल्याच आकडेवारीत नाही. तोडीची तारीख जवळ आली की फड वाळावा, ट्रॉली रुतू नये म्हणून पाणी तोडतात. पाणी तोडलं आणि टोळी आलीच नाही. आज येईल, उद्या येईल करत आठवडे गेले. पुन्हा पाणी द्यावं तर टोळी नेमकी त्याच दिवशी यायची आणि ओल्या फडाकडे पाहून पुढे जायची. न द्यावं तर ऊस डोळ्यांदेखत वाळायचा. समजा एकरी ५० टनांचा ऊस होता आणि दहा टक्के वजन गेलं. त्या वर्षीची एफआरपी, म्हणजे कायद्याने ठरलेला किमान भाव, दहा टक्के उताऱ्याला टनाला २,९०० रुपये होती. पाच टनांचे साडेचौदा हजार रुपये एकरी गेले, आणि ते कोणाच्याही वहीत नुकसान म्हणून लिहिले गेले नाहीत.

काहींनी तोड मिळावी म्हणून फड पेटवून दिले, कारण जळालेला ऊस तातडीने न्यावा लागतो. त्याला जळीत कपात लागते, तीही सोसली. मे महिन्यात बीड जिल्ह्यात ऊस तुटत नाही म्हणून एका शेतकऱ्याने फडाला आग लावून आपलं जीवन संपवलं. पुरवठा साखळी हा शब्द वापरताना ही घटना माझ्या मनातून जात नाही.

उचल फिटली की कोयता थांबतो

एप्रिलमध्ये गव्हाण उपाशी का राहिली, याचं उत्तर मजुरांच्या कराराच्या रचनेत आहे. हंगामाआधी कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. हंगामभर टनामागच्या मजुरीतून ती उचल फिटते. ही व्यवस्था सुमारे पाच महिन्यांच्या हंगामासाठी जमून आलेली आहे. मार्चमध्ये बहुतेकांची उचल फिटते, पाडव्याचे वेध लागतात, गावी पोरांच्या शाळा, म्हातारी माणसं, शेतीची मशागत वाट पाहत असते. त्या जोडीने एप्रिल-मेच्या उन्हात, सावली नसलेल्या फडात का थांबावं?

काही कारखान्यांनी वाढीव दर दिले, काही ठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून दिले. एरवीही तोडीला टोळी आली की खुशाली (वरचे पैसे) आणि ड्रायव्हरला एन्ट्री द्यायची पद्धत पडलेली आहे. त्या वर्षी तिचं रूपांतर उघड बोलीत झालं. ज्याच्या हातात रोख त्याचा ऊस आधी. क्रमपाळी कागदावर राहिली. लहान शेतकरी, बिगर नोंदीवाला आणि आडरानातला, ज्याच्या फडापर्यंत ट्रॉली पोहोचायला वाट नाही, हे तिघे शेवटी राहिले. साखर आयुक्तालयाने असे पैसे मागणाऱ्यांविरुद्ध तक्रारी करा असं सांगितलं, पण शेवटची आशा असलेल्या टोळीविरुद्ध तक्रार कोण करतं?

मजुरांना दोष देणं सोपं आहे आणि मला ते मान्य नाही. पहाटे थंडीत फडात उतरणारी, पाचटावर संसार मांडणारी, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहणारी बाई टनाच्या दराने काम करते. उशिराच्या उन्हाचा, वाळक्या उसाला जास्त वेळ लागतो याचा वेगळा दर करारात नसेल तर तो ती दुसरीकडून वसूल करणार.

हार्वेस्टरने हा प्रश्न सुटेल असं म्हणतात. एक यंत्र दिवसाला शंभर-सव्वाशे टन तोडतं, म्हणजे साठ-सत्तर कोयत्यांचं काम. पुढे २०२३ मध्ये राज्याने ९०० हार्वेस्टरसाठी ३२१ कोटींची योजना आणली, खर्चाच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यातलं जे कमी असेल ते अनुदान. यंत्र चांगलं आहे, पण त्याला पाच फुटी सरी लागते, मोठं सलग क्षेत्र लागतं, वळायला बांधावर जागा लागते. दीड एकराचे तीन तुकडे असलेल्या शेतात ते उतरत नाही. म्हणजे यंत्र आल्यावरही शेवटी राहणारा शेतकरी बहुधा तोच असेल.

मे महिन्यातली धावपळ

सरकारने काय केलं हे सांगायला हवं. परवानगीशिवाय गाळप बंद करू नका असं कारखान्यांना बजावलं गेलं. पश्चिमेकडचे हार्वेस्टर आणि टोळ्या मराठवाड्याकडे वळवण्याचे प्रयत्न झाले. तत्कालीन साखर आयुक्त शेखर गायकवाड यांच्या कार्यालयाने शिल्लक उसाचा जिल्हावार आढावा घ्यायला सुरुवात केली. आणि १ मे नंतर गाळलेल्या उसासाठी अनुदान जाहीर झालं : उतारा घटीपोटी टनाला २०० रुपये आणि ५० किलोमीटरच्या पुढच्या वाहतुकीला दर टन दर किलोमीटर ५ रुपये.

या निर्णयांनी ऊस तुटला, हे खरं. पण अनुदानाची रचना पाहा. उतारा घटीचे पैसे कारखान्याचा तोटा भरून काढण्यासाठी आणि वाहतुकीचे पैसे दूरचा ऊस आणण्यासाठी. शेतकऱ्याच्या घटलेल्या वजनाला त्यात थेट जागा नव्हती. कारण सोपं आहे : उतारा प्रयोगशाळेत मोजला जातो, वाहतूक किलोमीटरमध्ये मोजली जाते, पण महिन्याभरापूर्वी तो ऊस किती भरला असता याचं मोजमाप कोणाकडे नव्हतं.

मला जास्त खुपतं ते वेळेचं. हे सगळे निर्णय एप्रिल-मेमध्ये झाले. माहिती मात्र डिसेंबरमध्ये उपलब्ध होती. कारखाना सुरू झाल्यावर पहिल्या पंचेचाळीस दिवसांत जे प्लॉट तुटतात त्यांची नोंद वहीत आहे, क्षेत्र वहीत आहे, आणि वजन काट्यावर आहे. नोंदवताना एकरी चाळीस टन धरले आणि प्रत्यक्षात पन्नास पडत असतील, तर उरलेल्या सगळ्या नोंदी सव्वापट करायच्या. त्यासाठी उपग्रह नको, नवं सॉफ्टवेअरही नको. वजनकाट्याच्या संगणकातच हे सगळं आहे. डिसेंबरअखेर हा हिशेब विभागवार मांडला असता तर मराठवाड्यातला ऊस मार्चमध्ये संपणार नाही हे जानेवारीतच दिसलं असतं. तेव्हा टोळ्यांची उचल फिटलेली नव्हती, ऊन चढलेलं नव्हतं आणि हार्वेस्टरचे मालक पुढच्या दोन महिन्यांचा करार करायला तयार झाले असते.

पुढच्या वर्षी उलटं झालं

ऑगस्ट २०२२ मध्ये आयुक्तालयाने महा-ऊसनोंदणी हे मोबाइल ॲप आणलं. शेतकऱ्याने गट ऑफिसात खेटे न घालता मोबाइलवरून नोंद करावी, हा हेतू. बिगर नोंदीच्या उसाचा धडा घेतला होता. २०२२-२३ साठी क्षेत्र १४.८७ लाख हेक्टर धरलं गेलं आणि साखरेचा अंदाज १३८ लाख टनांचा.

साखर निघाली सुमारे १०५ लाख टन. आदल्या वर्षी अंदाजापेक्षा २५ लाख टन जास्त, या वर्षी ३३ लाख टन कमी. ज्या कारखान्यांनी मोठा हंगाम धरून मुकादमांना उचल वाटली होती त्यांची मिल लवकर थांबली आणि उचल अंगावर राहिली.

पाऊस जास्त दिवस पडत राहिला, वाढीच्या काळात ऊन मिळालं नाही, ही कारणं दिली गेली आणि ती खरी आहेत. पण आदल्या हंगामाने पेरलेली दोन कारणं मला त्यात दिसतात. पहिलं खोडव्याचं. कृषी विद्यापीठं सांगतात की १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा राखू नये, उन्हात फुटवा नीट येत नाही. २०२२ मध्ये एप्रिल-मेपर्यंत तुटलेल्या उसाचं काय करायचं? नवी लागण करायला पैसा नव्हता, रान मोकळं करायला वेळ नव्हता. अनेकांनी खोडवाच राखला. तो पुढच्या वर्षी कमी भरला. म्हणजे एका हंगामातल्या तोडणीच्या विलंबाने पुढच्या हंगामाचं उत्पादन खाल्लं.

दुसरं कारण नोंदीचं, आणि हा माझा तर्क आहे. ज्याचा ऊस मेपर्यंत उभा राहिला त्याने पुढच्या वर्षी काय केलं असेल? एका कारखान्यावर विसंबून न राहता दोन-तीन ठिकाणी नोंद केली असेल. १९९७ मध्ये झोनबंदी (ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती) उठल्यापासून शेतकऱ्याला कुठेही ऊस घालायची मोकळीक आहे, त्यामुळे यात गैर काही नाही. पण एकाच एकराचा ऊस तीन वह्यांत चढला की तीन कारखाने त्यावर आपल्या टोळ्या ठरवतात. पुरवठा साखळीच्या अभ्यासात याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. मुठीशी चाबूक थोडा हलतो आणि टोकाला त्याचा मोठा फटका बसतो. टंचाईच्या भीतीने प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवतो आणि मागणीचा आकडा फुगतो. इथे टंचाई मालाची नव्हती, गाळपाच्या पाळीची होती. शेतकरी ऊस विकत नव्हता, तो रांगेतली जागा विकत घेत होता.

कुठे हात घालता येईल

एक एकर, एक नोंद ही अट शेतकऱ्यावर लादून चालणार नाही. दुबार नोंद हा त्याचा विमा आहे, आणि आधी तोडीची हमी दिल्याशिवाय त्याने विमा का सोडावा? त्यापेक्षा नोंद गट नंबरशी जोडावी आणि कारखान्यांनी आपापल्या याद्या आयुक्तालयात एकत्र तपासाव्यात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू आहे. त्यात शेतकरी गट नंबरवर उभं पीक स्वतः नोंदवतो. कारखान्यांच्या याद्या तिच्याशी ताडल्या तर दुबार नोंद आणि बिगर नोंद दोन्ही एकदम दिसतील, शेतकऱ्याला एकही फेरा न मारता.

क्रमपाळी उघड्यावर लावावी. गावातल्या प्रत्येक नोंदीची तारीख आणि आजवर तुटलेला क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि मोबाइलवर असेल, तर कोणाचा ऊस कोणाच्या आधी गेला हे विचारायला शेतकऱ्याला कोणाच्या पाया पडावं लागणार नाही. काही कारखाने शेवटचा तुटलेला क्रमांक कळवतात. तिथली भांडणं आटोक्यात असतात.

भावाच्या रचनेत एक बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते. डिसेंबरला ऊस घालणारा आणि एप्रिलला घालणारा, दोघांना टनाला एकच दर. म्हणून प्रत्येकाला पहिल्या रांगेत यायचं असतं आणि त्यासाठी तो खुशाली देतो. पूर्वीपासून काही कारखाने फेब्रुवारी-मार्चच्या उसाला टनाला जादा रक्कम देत आले आहेत. ती पद्धत नियम म्हणून यावी आणि रक्कम वजनघटीच्या जवळपास जाणारी असावी. उशिराचा दर कारखान्याच्या खिशातून जाणार असेल तर क्रमपाळी नीट लावण्यात, यार्ड मोकळं ठेवण्यात आणि जानेवारीतच जादा टोळ्या शोधण्यात कारखान्याचा स्वतःचा स्वार्थ तयार होईल. आज उशिराची किंमत शेतकऱ्याचा ऊस आणि कोयत्याची पाठ मोजते, म्हणून ऑफिसात ती जाणवत नाही.

एप्रिलच्या तोडीलाही वेगळा दर हवा, मुकादमाच्या हातातून न जाता कोयत्याच्या खात्यात जाणारा. तो हंगामाआधी जाहीर झाला तर किती जोड्या उन्हात थांबायला तयार आहेत हे ऑक्टोबरमध्येच कळेल.

आणि डिसेंबरचा तो हिशेब. प्रत्येक कारखान्याने ३१ डिसेंबरला तीन आकडे आयुक्तालयाला द्यावेत : तुटलेल्या क्षेत्रावर धरलेलं वजन, त्याच क्षेत्रावर प्रत्यक्ष पडलेलं वजन, आणि शिल्लक नोंदीचं क्षेत्र. पहिल्या दोहोंचं गुणोत्तर तिसऱ्याला लावलं की कारखान्याच्या हद्दीत किती ऊस उभा आहे ते निघतं, त्याला रोजच्या गाळपाने भागलं की शेवटची मोळी कोणत्या तारखेला पडेल ते निघतं. ती तारीख १५ एप्रिलच्या पुढे जात असेल, तर शेजारच्या कारखान्याशी बोलणी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवीत, टोळ्या अजून फडात आहेत आणि उसात अजून रस आहे तोवर.